तिसरीच जास्त खपली

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. वही नवी, पेन नवं, निश्चय जुनाच पण यंदा पक्का. ही वही माझ्याखेरीज कोणी वाचायची नाही. तरीही वस्तुस्थिती सविस्तर लिहून ठेवतो, कारण माझं म्हणणं खरं ठरल्यावर मलाच संदर्भ लागेल.

वस्तुस्थिती अशी. गेली चौदा वर्षं दर शनिवारी दुपारी तीन वाजता आमच्या जेवणाच्या टेबलावर 'अजगरदरी' खेळली जाते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं, अडलं की वीस बाजूंचे फासे टाकायचे. गोष्ट सांगणारा तो सूत्रधार. सूत्रधार मी. खेळाडू तीन : दाताच्या डॉक्टरीणबाई (चेटकीण), प्लंबर (सरदार) आणि माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ (चोर. पात्र त्याने स्वतःच निवडलं आहे).

या खेळाच्या नियमपुस्तकाच्या पाच आवृत्त्या निघाल्या. आम्ही तिसरी खेळतो. तिसरी सर्वश्रेष्ठ. यावर कधी वाद नव्हता. परवा शनिवारी मेहुणा कप खाली ठेवून म्हणाला, भाऊजी, एकदा पाचवी घेऊन बघू या का? आधीच्या चारही मिळून खपल्या नाहीत इतकी ती एकटी खपली आहे म्हणे.

मी शांतपणे सांगितलं (बायकोच्या मते ओरडलो), की सगळ्यात जास्त खपली ती तिसरी. महिनाअखेरपर्यंत आकड्यांनिशी सिद्ध करतो. नाही झालं तर सूत्रधाराची खुर्ची सोडतो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नक्की? मी नुसता हसलो.

मंगळवार, ४ मार्च. जेवणाची सुट्टी

मी या कामासाठी जन्मलोय. पुस्तकांच्या वितरण-गोदामात परतावा विभागाचा प्रमुख आहे. दुकानांत न खपलेली पुस्तकं खोक्यांतून परत येतात, ती मोजायची, रजिस्टरात चढवायची, रद्दीच्या ट्रॉलीवर लावायची. विभागात मी आणि एक वजनकाटा. आकड्यांशी एकवीस वर्षांचा घरोबा. मेहुणा पडदे विकतो. त्याला मीटर कळतो, मार्केट नाही.

इंटरनेटवर या विषयाला वाहिलेला एक मंच सापडला. 'लोखंडी कासव' नावाचे एक तज्ज्ञ लिहितात, की तिसरी चार लाख खपली. दुसरे एक तज्ज्ञ नऊ लाख म्हणतात. सरासरी साडेसहा लाख. अर्ध्या तासात काम फत्ते.

सायं. ६.३० – मेहुण्याला मेसेजने कळवलं. त्याचं उत्तर आलं, की पाचवी पन्नास लाख. सोर्स विचारला. 'रडका राक्षस'. आता रडक्या राक्षसावर कोण विश्वास ठेवणार? कासव कधी खोटं बोललेलं ऐकिवात नाही.

शुक्रवार, ७ मार्च

बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, अहो, पण जास्त खपलं म्हणजे चांगलं असतं का? मी म्हटलं, अर्थात. लोक काही वेडे नसतात. ती म्हणाली, मग जगातलं सगळ्यात चांगलं पुस्तक ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेचं गाइड असणार.

यावर मुद्देसूद उत्तर होतं. पण तेवढ्यात तहान लागली.

निश्चय : घरातल्यांशी पद्धतशास्त्रावर चर्चा करायची नाही.

शनिवार, ८ मार्च. सायं. ६

खेळाआधी दहा मिनिटांचं प्रास्ताविक ठेवलं. पावणेदोन तास चाललं, कारण श्रोत्यांनी एकही प्रश्न विचारला नाही आणि मला ओघ तोडावासा वाटेना. तीन रंगांचा चार्ट दाखवला. प्लंबरने दोनदा मान हलवली. नंतर कळलं, पेंगत होता.

मग खेळ. आमची मंडळी गेले तीन शनिवार एका दारासमोर उभी आहेत. तिसऱ्या आवृत्तीची हीच तर नजाकत! दार नुसतं उघडत नाही. आधी लाकडाची जात ठरते, मग बिजागरीचा गंज, मग हवेतला दमटपणा. तीन तक्ते, नऊ फासे. प्लंबर म्हणाला, की खरं दार मी चार मिनिटांत काढतो, चौकटीसकट. त्याला समजावलं, की ते तू पहिल्या आवृत्तीच्या पद्धतीने काढत असशील.

साडेपाचलाच सगळे उठले. तिघेही एकदम. विचार करायला वेळ हवा असावा. चार्ट परिणामकारक होता.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी १.१५

गोदामाच्या माळ्यावर जुनी रजिस्टरं आहेत. पक्का पुरावा हवा म्हणून शिडी लावून चढलो. 'अजगरदरी' त्या काळी आमच्याच गोदामातून सगळीकडे जायची, हे मी साफ विसरलो होतो. देव मेहनती माणसाला साथ देतो.

तिसऱ्या आवृत्तीचं पान मिळालं. एका दिवसात २,३४० प्रती. मग पानाचा मथळा बघितला. रजिस्टर परताव्याचं होतं. म्हणजे त्या २,३४० प्रती गेल्या नव्हत्या, आल्या होत्या.

पुढचं पान : १,९८०. त्याच्या पुढचं : ३,११०.

अक्षर माझंच आहे. सहीही माझीच दिसते. पण त्या काळात माझी सही इतकी सोपी होती, की कोणालाही जमली असती. शिवाय एका खराब दिवसावरून (फार तर चाळीस दिवसांवरून) निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. रजिस्टर जागच्या जागी ठेवलं. वर जाड शब्दकोश ठेवला, वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून. माळ्यावर वारा नसतो, पण काळजी घेतलेली बरी.

शनिवार, १५ मार्च. दुपारी ४.४०

डॉक्टरीणबाईंचा फोन : अचानक रूट कॅनाल आलं. प्लंबरचा फोन : एका इमारतीत पाइप फुटलाय. मेहुण्याचा मेसेज : थोडं काम आहे. कसलं ते लिहिलं नाही. पडदेवाल्याला शनिवारी दुपारी कसली इमर्जन्सी?

तरी चौघांच्या जागा मांडल्या. तिघांच्या वतीने फासे मीच टाकले. शेवटच्या तक्त्यावर वीस, एकोणीस, वीस. दार उघडलं! चौथ्या आठवड्यात, एकाच फेरीत, तिन्ही तक्त्यांतून पार! आनंदाने उभाच राहिलो. बायकोने आतून विचारलं, काय झालं? म्हटलं, दार उघडलं. ती जाऊन बाहेरचं दार लावून आली.

खेळाडू गैरहजर असल्यामुळे नियम ६४ प्रमाणे हा निकाल ग्राह्य नाही. दार पुन्हा बंद केलं.

बुधवार, १९ मार्च

मोठी बातमी. गोदामाच्या जुन्या फाइलीत प्रकाशन कंपनीच्या विक्रीप्रमुख बाईंचा घरचा नंबर मिळाला. तिसरी निघाली तेव्हा सगळा कारभार यांच्या हातात होता. आता निवृत्त. फोन लावला. आवाज खणखणीत. म्हणाल्या, रविवारी अकराला या, सगळे कागद मी जपून ठेवलेत.

आता कासवही नको आणि राक्षसही नको. साक्षात गंगोत्री.

उजवीकडची खालची दाढ ठणकते आहे. लक्ष द्यायला वेळ नाही.

शनिवार, २२ मार्च. सायं. ५.३०

आजही तिघे नाहीत. डॉक्टरीणबाई : पुन्हा रूट कॅनाल. प्लंबर : पुन्हा पाइप. कारणं एकाच चालीवर. मेहुण्याने तर कारणही दिलं नाही.

चारच्या सुमारास दाढेने असा काही सूर लावला, की डोळ्यांपुढे काजवे. म्हटलं, बाई दवाखान्यात आहेतच, रूट कॅनालच्या मागोमाग आपलाही नंबर लावू. गेलो. बाहेर 'बंद' अशी पाटी, पण वेटिंग रूमची खिडकी अर्धी उघडी. आतून हसण्याचा आवाज येत होता. रूट कॅनाल करताना माणसं हसत नाहीत.

तिघेही होते. मासिकांच्या बुटक्या टेबलाभोवती गुडघे दुमडून बसले होते. फासे पडत होते. मेहुणा गोष्ट सांगत होता. ऐकू येत होतं म्हणून ऐकलं. दहा मिनिटांत त्यांनी एक अख्खं जंगल पार केलं, एका राणीला फसवलं आणि प्लंबरच्या सरदाराला एक घोडा मिळाला. माझ्याकडे त्याला चौदा वर्षांत घोडा मिळालेला नाही. तो घोड्याला नाव काय ठेवू म्हणून विचारत होता. इतका मोठा गडी, आणि आवाज अगदी वाढदिवसाच्या मुलासारखा.

खिडकीतून ओळखीचं मुखपृष्ठ दिसलं नाही. दिसलं ते निळं होतं. पाचवी.

बेल वाजवली नाही. पायरीवर थोडा वेळ उभा होतो. गालाला रुमाल धरून उभ्या माणसाकडे येणारेजाणारे दयेने बघतात, तेही बरं वाटलं.

विश्लेषण : ते विरोधी आवृत्तीतले दोष शोधून मला अहवाल देणार असावेत. गुप्तता त्यासाठीच.

रात्री ९ – जेवलो नाही. दाढेमुळे.

रविवार, २३ मार्च. दुपारी २

विक्रीप्रमुख बाई पंचाहत्तरीच्या. तिसरा मजला, खोल्या लखलखीत, भिंतीला टेकवून कागदांचे गठ्ठे, प्रत्येकाला नाडी बांधलेली. मी सरळ मुद्द्यावर आलो. तिसरी किती खपली?

त्यांनी नाडी सोडली. म्हणाल्या, दोन लाख दहा हजार.

मी टाळी वाजवणार होतो. त्या पुढे म्हणाल्या, अहो थांबा, या पाठवलेल्या. आम्ही छापील पत्रकात हाच आकडा द्यायचो, सगळेच द्यायचे. परत किती आल्या ते खाली बघा. त्यांचं बोट खाली गेलं. एक लाख चौसष्ट हजार.

वजाबाकी मनातल्या मनात होते. शेहेचाळीस हजार. पहिल्या चार आवृत्त्यांत तिसरी शेवटून पहिली. पाचवीचा आकडा त्यांच्याकडे नव्हता, ती त्यांच्या निवृत्तीनंतरची. पण चौथीसुद्धा एक लाखाच्या वर होती. चौथी! जिला मी आवृत्तीसुद्धा म्हणत नाही.

मग बाई हसून म्हणाल्या, गंमत सांगते. इतर ठिकाणी परतावा कोण नीट मोजतो? अंदाजपंचे लिहितात. पण आमची पुस्तकं जायची त्या गोदामात एक परताव्याचा माणूस होता. एक प्रत चुकवायचा नाही. फाटकी असली तरी नोंद, मुखपृष्ठ गेलं असलं तरी नोंद. त्याच्या रजिस्टरामुळे खरा आकडा मालकांसमोर गेला आणि तिसरी एका दिवसात बंद झाली. नाहीतर अजून पाच वर्षं रेटली असती आम्ही. कोण होता कोण जाणे, भेटला तर त्याला शाबासकी द्यायची राहिली आहे.

मी पाणी प्यायलो. म्हटलं, असे लोक आता राहिले नाहीत.

त्यांनी विचारलं, तुम्ही कोणाबरोबर खेळता? म्हटलं, तिघं आहेत. चौदा वर्षं. त्या म्हणाल्या, चौदा वर्षं? मग खपाचं काय घेऊन बसलात?

चहा गोड होता. दाढेला लागला.

सोमवार, २४ मार्च. सकाळी ६.५०

झोपेतून उठताना सुचलं. खप म्हणजे विकलेल्या प्रती, ही व्याख्याच बालिश आहे. खरा खप म्हणजे वापर! पाचवी लोक घेतात आणि शेल्फवर ठेवतात. माझी तिसरी चौदा वर्षं दर शनिवारी उघडली गेली, म्हणजे सातशे अठ्ठावीस वेळा. शेहेचाळीस हजार गुणिले सातशे अठ्ठावीस. तीन कोटी चौतीस लाख!

शनिवारी यावर प्रेझेंटेशन करणार, तसा तिघांना मेसेजही टाकला. मेहुण्याने काय उत्तर द्यावं?

दुपारी – दाढ काढून आलो. डॉक्टरीणबाई फार हळुवार होत्या. तोंडात कापूस असल्यामुळे तीन कोटींचा मुद्दा त्यांना नीट कळला नसावा. जाताना म्हणाल्या, शनिवारी येणार ना? कुठे ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. कापूस होता.

शुक्रवार, २८ मार्च. सायं. ७

मेहुणा आला. एकटा. सहसा सोफ्यावर पसरतो, आज स्वयंपाकघरात स्टुलावर बसला. बायको कपडे वाळत घालायच्या निमित्ताने बाल्कनीत गेली. कपडे दुपारीच वाळत घातलेले होते.

म्हणाला, भाऊजी, उद्याचं ते प्रेझेंटेशन करू नका. म्हटलं, का? आकड्यांची भीती वाटते? म्हणाला, आकडा कितीही असू दे. तीन कोटी म्हणा, तीस कोटी म्हणा. आम्हाला दार उघडायचं होतं हो. तुम्ही उघडूच देत नव्हता.

मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

मग म्हणाला, दवाखान्यात खेळतोय दोन शनिवार. तुम्हाला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. ताईला माहीत होतं.

ताई म्हणजे माझी बायको! म्हणजे गळती थेट घरातून. त्या क्षणी चिडायला हवं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. म्हटलं, प्लंबरने घोड्याचं नाव काय ठेवलं?

तो हळूच म्हणाला, अजून ठरत नाहीये. तुम्ही या, तुम्ही सुचवा.

आता नोंदवायला हरकत नाही, कारण कोणी वाचत नाही : मी त्याला सांगितलं, की तिसरी मला पाठ आहे. पाचवी चारशे पानांची आहे आणि या वयात ती पाठ होणार नाही. टेबलावर सगळ्यांच्या आधी उत्तर माझ्याकडे असायचं. ते नसलं तर मी नुसता बसणारा माणूस.

तो म्हणाला, नुसतं बसा की. मी सांगतो काय करायचं ते.

पंधरा वर्षांनी लहान आहे माझ्याहून. लग्नात माझे बूट लपवायला निघाला होता आणि स्वतःच हरवला होता. तो मला सांगणार.

निश्चय : जाणार नाही.

शनिवार, २९ मार्च. सायं. ६.४५

गेलो. फक्त निरीक्षक म्हणून. डेटा गोळा करायला.

वेटिंग रूममध्ये माझ्यासाठी पेशंटची खुर्ची ठेवली होती, तिलाच तेवढी पाठ आहे. चार्ट गुंडाळून काखेत होता. तो उघडा असं कोणी म्हणालं नाही. डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद पुढे केला, म्हणाल्या, नाव लिहा आणि धंदा. म्हटलं, मी निरीक्षण करतोय. त्या म्हणाल्या, बसल्या बसल्या लिहा.

गुराखी झालो. जीव सहा. सहा! मी सूत्रधार असताना साधी मांजरंसुद्धा नऊच्या खाली ठेवत नसे.

विसाव्या मिनिटाला मला एका बदकाने मारलं. मीच त्याच्या अंगावर धावून गेलो होतो, कारण तिसऱ्या आवृत्तीत बदकाला बचाव नसतो. पाचवीत असतो. मेहुण्याने बदकाचा आवाज काढून दाखवला. प्लंबर हसता हसता स्टुलावरून घसरला. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. मीही हसत होतो असं नंतर सगळे म्हणाले. दाढेच्या जागी टाका आहे, चेहरा तसा दिसत असेल.

लगेच दुसरा कागद दिला. आता पाणक्या आहे. जीव सात. प्रगती आहे.

घोड्याला 'हप्ता' नाव सुचवलं, कारण दर शनिवारीच भेटतो. एकमताने मंजूर.

सूत्रधाराची खुर्ची मी सोडली किंवा कसं, हा विषय निघालाच नाही. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ती माझ्याकडेच आहे.

बुधवार, २ एप्रिल. दुपारी १२.४०

शत्रूचा अभ्यास केल्याशिवाय टीका करू नये. म्हणून जेवणाच्या सुट्टीत खेळांच्या दुकानात गेलो. पाचवी निळ्या थप्पीत होती. वरची उचलली. जड आहे.

काउंटरवरची बाई म्हणाली, ही फार जाते. म्हटलं, आकडे मला माहीत आहेत. ती म्हणाली, बिलावर नाव काय घालू? माझं नाव या पुस्तकाच्या बिलावर शोभलं नसतं. मेहुण्याचं सांगितलं.

तिने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. म्हणाली, यांनी दोन महिन्यांपूर्वी एक नेली आहे की. आठवलं मला, पडद्यांचं दुकान आहे ना त्यांचं? भेट म्हणून बांधून नेली होती. भाऊजींना द्यायची आहे म्हणाले, पण देऊ की नको, असं दोनदा दारातून परत येऊन विचारत होते.

मी बिल घडी करून खिशात ठेवलं.

म्हणजे पाचव्या आवृत्तीच्या खपात माझ्या एकट्यामुळे दोन प्रतींची भर पडलेली आहे.

महिनाभरात जमवलेल्या आकड्यांपैकी एवढा एकच खात्रीचा.